परवान्यावरचा फेरफार
सॉफ्टवेअरच्या अपग्रेड-हक्कांची नोंद आणि त्या नोंदीमागचे हिशेब

महाराष्ट्रातल्या असंख्य दुकानांत, पतसंस्थांत आणि करसल्लागारांच्या कार्यालयांत हिशेबासाठी टॅली हे सॉफ्टवेअर वापरले जाते, आणि त्याचा परवाना, ज्याला बोलताना सगळे लायसन्सच म्हणतात, एकदा पैसे भरून कायमचा घेता येतो. तरीही नोव्हेंबर २०२० मध्ये टॅली ईआरपी ९ च्या जागी टॅलीप्राइम आले, तेव्हा ज्यांची टीएसएस, म्हणजे टॅली सॉफ्टवेअर सर्व्हिसेस ही वार्षिक सेवा चालू होती त्यांना ते लगेच घेता आले, आणि ज्यांची सेवा संपलेली होती त्यांना आधी नूतनीकरण करावे लागले. परवाना कायमचा आहे, तर मग नवी आवृत्ती अडते कुठे, हा प्रश्न अशा वेळी स्वाभाविकपणे पडतो.

अडते ते यामुळे की एका परवान्यात दोन वेगळे हक्क राहतात. पहिला हक्क हातात असलेली आवृत्ती वापरण्याचा असतो आणि तो खरोखर कायमचा असू शकतो. दुसरा हक्क पुढे येणारी आवृत्ती वापरण्याचा, म्हणजेच अपग्रेडचा असतो आणि तो बहुधा मुदतीचा व अटींचा असतो. दुकानात दोन-तीन संगणक असतात तेव्हा हा भेद मालकाच्या डोक्यात राहतो. ज्या संस्थेत हजार संगणक, पन्नास सर्व्हर आणि वीस वर्षांची बिले आहेत तिथे मात्र तो नोंदवहीतच राहावा लागतो, आणि त्यासाठीच मालमत्ता व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे संस्थेकडील यंत्रे, सॉफ्टवेअर आणि त्यांवरचे हक्क यांचा एकत्र हिशेब ठेवणारी संगणकीय व्यवस्था, वापरली जाते.

डेडस्टॉक रजिस्टरमध्ये न मावणारी वस्तू

शाळा आणि सरकारी कार्यालये टेबल, खुर्ची, कपाट यांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये करतात. वस्तू आली की तिच्यावर क्रमांक रंगवला जातो, ती मोडली की तिचे निर्लेखन होते, आणि या दोन टोकांच्या मध्ये वस्तूचे स्वरूप बदलत नसल्याने एक ओळ पुरते. सॉफ्टवेअरचा परवाना या ओळीत मावत नाही, कारण ती वस्तूच नाही. भारतातील कॉपीराइट कायदा, १९५७ संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृतीच्या व्याख्येत धरतो, आणि ग्राहकाला मिळते ती त्या कृतीची ठरावीक अटींवर वापरण्याची मुभा. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ च्या ‘इंजिनिअरिंग ॲनालिसिस सेंटर ऑफ एक्सलन्स’ प्रकरणात कराच्या संदर्भात हेच स्पष्ट केले, की अंतिम वापरकर्त्याला सॉफ्टवेअर मिळाल्याने त्यातील कॉपीराइटचा कोणताही भाग त्याच्याकडे जात नाही.

मुभा ही अटींसह येते आणि अटी काळाबरोबर बदलतात. त्यामुळे परवान्याची नोंद ठेवण्यासाठी अधिक जवळचा नमुना शेतजमिनीच्या कागदांत सापडतो. सातबाऱ्यावर आज जमीन कोणाच्या नावे आहे ते दिसते. पण ते नाव तिथे कसे आले हे फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, लिहिलेले असते, आणि सातबाऱ्यावरचे जुने नाव कंसात जाऊन नव्या नावापुढे फेरफाराचा क्रमांक येतो. फेरफार म्हणजे नवी जमीन नव्हे, हे शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. अपग्रेड हाही असाच फेरफार आहे: त्याने नवा परवाना निर्माण होत नाही, असलेल्या परवान्यावरची आवृत्ती बदलते. हा एक मुद्दा नोंदीत नीट उतरला की पुढचे बहुतेक घोटाळे टळतात, आणि तो उतरला नाही तर कितीही महाग प्रणाली घेतली तरी तिचे आकडे चुकीचेच येतात.

शंभर अधिक साठ म्हणजे शंभरच

समजा, एका संस्थेने एखाद्या आरेखन-सॉफ्टवेअरचे १०० परवाने घेतले आणि तीन वर्षांनी नवी आवृत्ती आल्यावर सवलतीच्या दरात ६० अपग्रेड विकत घेतले. भांडार विभागाकडे दोन बिले आहेत, एक १०० चे आणि एक ६० चे, आणि जी नोंदवही केवळ बिलांवरचे आकडे मिळवते ती १६० परवाने दाखवते. प्रत्यक्षात परवाने १०० च आहेत; त्यांतील ६० नव्या आवृत्तीवर गेले आणि ४० जुन्यावर राहिले. साठ जुन्या ओळी कंसात जायला हव्या होत्या, त्या गेल्या नाहीत, म्हणून साठ परवाने हवेतून निर्माण झाले.

या चुकीची उलट बाजूही तितकीच खरी आहे. एखाद्या प्रणालीत १०० परवाने बरोबर दिसतात, पण आवृत्तीनुसार विभागणी केलेली नसते. आता संगणकांची मोजदाद केल्यावर नवी आवृत्ती ७५ आणि जुनी २० ठिकाणी आढळली, तर एकूण वापर ९५ म्हणून सारे आलबेल वाटते. वास्तविक नव्या आवृत्तीचे हक्क ६० च असल्याने १५ संगणकांवर ती विनापरवाना चालू आहे, आणि जुन्या आवृत्तीचे २० परवाने पडून आहेत. अशी तूट सहसा कोणाच्या लबाडीने पडत नाही. नव्या आवृत्तीची प्रत भांडारात उपलब्ध असते, संगणक नव्याने सज्ज करणारा कर्मचारी तीच सगळीकडे चढवतो, आणि त्याला हक्कांची संख्या विचारण्याचा मार्गच दिलेला नसतो.

मूळ परवाना विकून टाकला तर?

अपग्रेड आणि मूळ परवाना यांचे नाते किती घट्ट असते हे अमेरिकेतील ‘वर्नर विरुद्ध ऑटोडेस्क’ या खटल्यातून समजते. सिएटलमधील एका वास्तुरचनाकार संस्थेकडे ऑटोकॅडच्या १४ व्या आवृत्तीचे दहा संच होते. सन २००० मध्ये तिने ऑटोकॅड २००० घेतले, तेव्हा नव्या परवान्याची किंमत ३,७५० डॉलर असताना तिला अपग्रेड म्हणून प्रत्येकी ४९५ डॉलरच द्यावे लागले. ही प्रचंड सवलत फुकट नव्हती; जुन्या आवृत्तीच्या प्रती नष्ट कराव्यात, ही तिची अट होती. संस्थेने त्या नष्ट केल्या नाहीत, पुढे त्यांतील काही विकल्या, आणि त्या विकत घेणाऱ्याने ईबे या संकेतस्थळावर लिलावाला काढल्या. नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सप्टेंबर २०१० मध्ये ऑटोडेस्कच्या बाजूने निकाल दिला, कारण संस्था त्या प्रतींची मालक नव्हतीच, ती केवळ परवानाधारक होती, आणि जे तिच्या मालकीचे नाही ते ती विकू शकत नव्हती. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१२ मध्ये ‘यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल’ प्रकरणात कायमस्वरूपी परवान्याच्या फेरविक्रीला वाट दिली, हे खरे. परंतु विकणाऱ्याने स्वतःची प्रत निरुपयोगी केली पाहिजे, ही अट तिथेही राहिलीच.

४९५ आणि ३,७५० या दोन आकड्यांत अपग्रेडचे सारे अर्थशास्त्र आहे. उरलेले ३,२५५ डॉलर जुन्या परवान्याच्या रूपाने आधीच दिलेले आहेत, असे विक्रेता मानतो. म्हणून जुना परवाना दाखवता आला नाही तर ४९५ डॉलरचे बिल एकट्याने काहीही सिद्ध करत नाही. मालमत्ता प्रणालीत अपग्रेडची नोंद करताना ‘आधारभूत परवाना कोणता’ हा रकाना रिकामा ठेवणे म्हणजे फेरफाराचा क्रमांक न लिहिता सातबाऱ्यावर नाव चढवणे होय.

मुदत संपली, हक्क कुठे थांबला?

एकेक अपग्रेड विकत घेण्याची पद्धत मोठ्या संस्थांच्या बाबतीत आता मागे पडली असून तिची जागा देखभाल-योजनेने, ज्याला कार्यालयांत एएमसीच्या धर्तीवर मेंटेनन्स म्हणतात तिने, घेतली आहे. यात दरवर्षी ठरावीक रक्कम भरायची आणि योजना चालू असताना जितक्या नव्या आवृत्त्या येतील तितक्यांचा हक्क मिळवायचा. मायक्रोसॉफ्टची सॉफ्टवेअर ॲश्युरन्स ही योजना याचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. ती २००१ मध्ये जाहीर झाली तेव्हा तिचा वार्षिक दर सर्व्हरसाठी परवान्याच्या किमतीच्या २५ टक्के आणि डेस्कटॉपसाठी २९ टक्के ठेवण्यात आला होता.

इथे हिशेब तारखांचा असतो. एका संस्थेने १ एप्रिल २०१९ रोजी एसक्यूएल सर्व्हर या माहितीसाठा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचे परवाने या योजनेसह तीन वर्षांसाठी घेतले, असे मानू. त्या दिवशी २०१७ ची आवृत्ती चालू होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये २०१९ ची आवृत्ती आली आणि ती योजनेच्या मुदतीत आल्याने तिचा हक्क संस्थेला मिळाला. योजना ३१ मार्च २०२२ रोजी संपली आणि संस्थेने नूतनीकरण केले नाही. २०२२ ची आवृत्ती नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे साडेसात महिने उशिरा आली. या संस्थेचा हक्क २०१९ च्या आवृत्तीवर कायमचा थांबला.

या उदाहरणात दोन गोष्टी बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. एक म्हणजे संस्थेने २०१९ ची आवृत्ती मुदतीत संगणकावर चढवली होती की नाही याला महत्त्व नाही. हक्क मिळाला तो आवृत्ती बाजारात येण्याच्या तारखेमुळे, म्हणून ती २०२४ मध्ये पहिल्यांदा चढवली तरी चालते. अनेक संस्था हा मिळालेला हक्क विसरतात, कारण प्रणालीत खरेदीच्या दिवसाची ‘२०१७’ हीच आवृत्ती लिहिलेली राहते, आणि पुढे कधीतरी त्या आधीच मिळालेल्या हक्कासाठी पुन्हा पैसे मोजतात. दुसरी गोष्ट अशी की खंड पडल्यावर ही योजना जुन्या परवान्यावर नंतर सुरू करता येत नाही; परवाना आणि योजना दोन्ही नव्याने घ्यावी लागतात. त्यामुळे नूतनीकरणाची तारीख चुकणे हे एखाद्या वर्तमानपत्राची वर्गणी चुकण्यासारखे नाही, कारण इथे मागे परतता येत नाही.

प्रत्येक विक्रेत्याचा नियम मात्र सारखा नसतो. प्रोग्रॅमरांसाठी साधने बनवणाऱ्या जेटब्रेन्स या कंपनीच्या वर्गणीत सलग बारा महिने पैसे भरल्यावर एक आवृत्ती कायमची मिळते, पण ती त्या बारा महिन्यांच्या शेवटी उपलब्ध असलेली नसून सुरुवातीला उपलब्ध असलेली असते. एकाच दिवशी सुरू झालेल्या आणि एकाच दिवशी संपलेल्या दोन योजनांपैकी एक शेवटच्या दिवसाच्या आवृत्तीवर थांबवते आणि दुसरी पहिल्या दिवसाच्या. म्हणूनच ‘योजना आहे किंवा नाही’ एवढी हो-नाही नोंद निरुपयोगी ठरते. मुदतीची दोन्ही टोके आणि करारातील नियम दोन्ही लिहावे लागतात.

चौकट : अपग्रेडच्या एका नोंदीत काय असावे
आधारभूत परवान्याचा क्रमांक आणि त्याचे बिल. अपग्रेड एकेक घेतलेले आहे की योजनेतून आलेले. योजना असल्यास तिच्या आरंभाची व अखेरची तारीख. त्या काळात आलेली सर्वांत नवी आवृत्ती आणि ती बाजारात आल्याची तारीख. जुन्या आवृत्तीकडे परत जाण्याची मुभा आहे का, असल्यास किती मागे. जुनी प्रत नष्ट करण्याची अट आहे का आणि ती कधी पाळली. आणि या सर्वांना आधार देणारे करारपत्र, त्याच काळातल्या शब्दांसह, कारण विक्रेते पुढे शब्द बदलतात.

वरच्या वाफ्यातले पाणी

अपग्रेड वर नेते, तसा अनेक करारांत खाली येण्याचाही हक्क असतो, ज्याला डाउनग्रेडचा हक्क म्हणतात. नव्या आवृत्तीचा परवाना घेऊनही जुनी आवृत्ती वापरता येते, आणि एखादे जुने लेखा-सॉफ्टवेअर किंवा प्रयोगशाळेतील यंत्र नव्या आवृत्तीवर चालत नसेल तर ही मुभा फार मोलाची ठरते. आरेखन-सॉफ्टवेअरच्या उदाहरणातील संस्थेत नवी आवृत्ती ४५ आणि जुनी ५५ संगणकांवर असती, तर जुन्याचे ४० परवाने अपुरे पडले असते. पण नव्याचे उरलेले १५ परवाने डाउनग्रेडच्या हक्काने खाली वळवता आले असते आणि तूट राहिली नसती.

शेतात पाटाचे पाणी वरच्या वाफ्यातून खालच्या वाफ्यात जाते, उलट जात नाही. परवान्यांचे वाटपही त्याच क्रमाने करावे लागते. आधी नव्या आवृत्तीच्या संगणकांना नव्या आवृत्तीचे परवाने द्यायचे, आणि जे उरतील तेच जुन्यांकडे सोडायचे. प्रणालीने हा क्रम उलटा धरला, म्हणजे नवे परवाने आधी जुन्या आवृत्तीवर खर्च केले, तर नसलेली तूट दिसते. जुन्या परवान्याने नवी आवृत्ती झाकली, तर असलेली तूट लपते, आणि ती अधिक धोक्याची आहे, कारण ती प्रथम दिसते ती विक्रेत्याच्या ऑडिटरला.

याच क्रमाचा एक फटका सर्व्हरच्या जोडीने लागणाऱ्या परवान्यांना बसतो. विंडोज सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येक व्यक्तीसाठी किंवा उपकरणासाठी सीएएल नावाचा वेगळा परवाना लागतो, आणि तो सर्व्हरच्या आवृत्तीइतका किंवा त्याहून नवा असावा लागतो. एकच सर्व्हर २०१६ वरून २०२२ वर नेला की त्याला जोडलेल्या पाचशे कर्मचाऱ्यांचे २०१६ चे सीएएल त्याच्यासाठी अपुरे ठरतात. अपग्रेडचा खर्च मोजताना सर्व्हरचीच किंमत पाहणाऱ्यांना हा दुसरा आकडा नंतर कळतो.

मोजण्याचे मापच बदलते तेव्हा

सर्वांत अवघड फेरफार तो, ज्यात आवृत्तीबरोबर मोजण्याचे एककही बदलते. एसक्यूएल सर्व्हरच्या २०१२ च्या आवृत्तीपासून परवाना प्रोसेसरऐवजी कोअरवर, म्हणजे प्रोसेसरच्या आत स्वतंत्रपणे काम करणाऱ्या गाभ्यांवर, मोजला जाऊ लागला. ज्यांच्याकडे प्रोसेसरचे परवाने सॉफ्टवेअर ॲश्युरन्स योजनेसह होते त्यांना रूपांतर मिळाले: सर्वसाधारणपणे एका प्रोसेसर-परवान्याला चार कोअर-परवाने. पण ज्या संस्थेच्या प्रोसेसरमध्ये चारांहून अधिक कोअर होते तिला अधिक परवाने मागता येत होते, अट एवढीच की योजनेच्या अखेरीस सर्व्हरवर प्रत्यक्ष किती कोअर चालू होते याची दिनांकासह यादी तिच्याकडे असावी. आठ कोअरच्या दोन प्रोसेसरांचा एक सर्व्हर घेतला, तर यादी असणाऱ्याकडे १६ कोअरचे हक्क आले आणि नसणाऱ्याकडे आठच राहिले. यंत्र तेच, खर्च तोच, फरक एका कागदाचा.

प्रणाली काय करते, माणसाने काय करावे

मालमत्ता प्रणालीचे काम तीन पायऱ्यांनी चालते. पहिल्या पायरीत ती संस्थेच्या जाळ्यातील संगणकांची मोजदाद करते आणि कोणत्या यंत्रावर कोणते सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती आहे ते टिपते. दुसऱ्या पायरीत ही नावे एका ओळख-कोशाशी ताडली जातात, ज्यात प्रत्येक आवृत्ती बाजारात आल्याची तारीखही असते. योजनेच्या मुदतीशी तुलना करायची तर हीच तारीख लागते. तिसऱ्या पायरीत बिले व करार यांतून तयार झालेल्या हक्कांचा वापराशी ताळमेळ घातला जातो. सॉफ्टवेअर मालमत्ता व्यवस्थापनासाठी आयएसओ १९७७० ही आंतरराष्ट्रीय मानकांची मालिका आहे; तिचा पहिला भाग २००६ मध्ये आला, दुसरा भाग सॉफ्टवेअरला ओळखचिठ्ठी कशी जोडावी ते सांगतो, आणि तिसरा हक्कांची माहिती कोणत्या साच्यात लिहावी ते सांगतो. हक्कांसाठी स्वतंत्र साचा करावा लागला, यावरूनच केवळ संख्या लिहून भागत नाही हे दिसते.

पहिल्या दोन पायऱ्या यंत्र उत्तम करते. तिसरीचा पाया मात्र माणसाने वाचलेला करार हाच असतो, कारण जुने अपग्रेड कोणत्या मूळ परवान्यावर बसले हे कोणतेही यंत्र संगणकात डोकावून शोधू शकत नाही. हे काम खरेदीच्या दिवशी दहा मिनिटांचे असते आणि दहा वर्षांनी दहा दिवसांचे होते. नूतनीकरणाचा निर्णयही याच नोंदीवर घ्यावा लागतो: वर्षाला २५ टक्के दराने चार वर्षांत एका नव्या परवान्याइतकी रक्कम जाते, त्यामुळे ज्या सर्व्हरवर सहा-सात वर्षे आवृत्ती बदलायचीच नाही त्याच्यासाठी केवळ अपग्रेडपोटी ही योजना घेणे तोट्याचे असते, उलट दर तीन वर्षांनी आवृत्ती बदलणाऱ्याला ती स्वस्त पडते. कोणता सर्व्हर कोणत्या गटातला, हे नोंद पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही.

जुनी बिले

अनेक विक्रेत्यांनी कायमचे परवाने विकणे आता थांबवले आहे. अडोबीने मे २०१३ मध्ये आपल्या प्रमुख साधनांचा पुढचा मार्ग वर्गणीचाच असल्याचे जाहीर केले, ऑटोडेस्कने २०१६ मध्ये नव्या कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद केली, आणि ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ताब्यात घेतल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये तेच केले. वर्गणीत अपग्रेडचा प्रश्न उरत नाही, कारण पैसे भरेपर्यंत नवी आवृत्ती मिळते आणि थांबवले की सहसा सगळेच थांबते. ज्यांच्याकडे जुने कायमचे परवाने आहेत त्यांच्या हक्काला पर्यायी खरेदी उरलेली नाही, म्हणून त्या हक्काचा पुरावा पूर्वीपेक्षा अधिक मोलाचा झाला आहे. पुरावा नसताना वापर केल्यास प्रश्न केवळ विक्रेत्याशी वाटाघाटीचा राहत नाही. उल्लंघन करून केलेली प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरण्यास कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब मध्ये किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

इथे लेखा विभागाची सवय आड येते. कंपनी कायदा, २०१३ हिशेबाची पुस्तके आणि त्यांची व्हाउचरे आठ आर्थिक वर्षे जपण्यास सांगतो, त्यामुळे नवव्या वर्षी जुन्या फायली रद्दीत जाणे नियमाला धरूनच असते. परंतु २०१० मध्ये घेतलेल्या परवान्यावर २०१३ आणि २०१६ मध्ये अपग्रेड झाले असतील आणि ती शेवटची आवृत्ती आजही चालू असेल, तर २०१० चे बिल आजही जिवंत कागद आहे. सॉफ्टवेअरच्या मूळ परवान्यांची बिले लेखा विभागाच्या फायलींतून वेगळी काढावीत, त्यांच्या प्रती मालमत्ता प्रणालीत त्या-त्या नोंदीला जोडाव्यात, आणि त्या परवान्यावरचे शेवटचे अपग्रेड वापरातून जाईपर्यंत त्यांना हात लावू नये.